मांजराचीं नखें आणि आपले हात

मांजरीचे दांत तिच्या पिलांस लागत नाहींत, अशी आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे. आई रागावली तरी तिच्या रागानें लेंकराचें अकल्याण होत नाहीं, असा तिचा अर्थ आपण नेहमीं घेतों. परंतु हा लाक्षणिक अर्थ क्षणभर बाजूस ठेवून म्हणीचा शब्दशः अर्थ पाहिला, तर तींत सृष्टींतील एक नवल सांगितलेलें आढळतें. ज्या दांतांनीं मांजरी उंदराची मान क्षणांत मोडते, त्याच दांतांनीं ती आपल्या पिलाची मान धरून त्यास माळ्यावरून पडवींत आणि पडवींतून पुन्हां माळ्यावर नेते, व पिलाच्या अंगावर ओरखडाहि उठत नाहीं. म्हणजे दांत तेच. ते कोठें व किती दाबावयाचे हें मात्र मांजरास ठाऊक असतें. मग तेंच मांजर घरांतील मुलांस कां चावतें? आणि त्यानें चावूं नये, ओरबाडूं नये, म्हणून आपल्याला कांहीं करितां येईल काय? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

हा विचार करण्याचें निमित्त असें झालें. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आठव्या इयत्तेंतील एक मुलगा दोन्ही हातांस हळद माखून वर्गांत आला. काय झालें म्हणून आम्हीं विचारतांच तो म्हणाला, “सर, काल रात्रीं आमचें मांजर चावलें. आतां बाबा त्याला पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येणार आहेत.” हें सांगतांना त्याचे डोळे भरून आले; आणि तें पाणी हाताच्या वेदनेचें नव्हतें, हें आम्हांस लागलीच कळलें.

मांजराच्या न्यायनिवाड्यापूर्वीं मुलाच्या हाताची व्यवस्था होणें अवश्य होतें, व पालकांनींहि हाच क्रम ध्यानांत ठेवावा. मांजराचे दांत सुईसारखे अणकुचीदार असतात. त्यांनीं पडलेलें छिद्र वरून तिळाएवढें दिसलें तरी आंत खोल गेलेलें असतें. मांजराच्या तोंडांतील जंतु त्या वाटेनें आंत शिरतात. वरचें तोंड मिटून जातें आणि आंतल्या आंत पू धरतो. याहूनहि मोठें भय अलर्क रोगाचें, म्हणजे रेबीजचें. हा रोग कुत्र्याप्रमाणेंच मांजराच्या चाव्यानेंहि होऊं शकतो, आणि त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकीं कांहींएक न लावतां ती वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लस टोंचावयाची कीं नाहीं, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं नव्हे, तर डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर नामक ९ वर्षांच्या मुलास, त्याला पिसाळलेला कुत्रा चावला असतां, या रोगाची लस टोंचण्यास आरंभ केला, व तो मुलगा वांचला. त्यानंतर लस पुष्कळ सुधारली. पूर्वीं तिच्यासाठीं पोटांत १४ इंजेक्शनें घ्यावीं लागत. आतां दंडावर घ्यावयाचीं थोडींच पुरतात. तेव्हां भिण्याचें कारण नाहीं. पण आळस करण्याचेंहि कारण नाहीं.

मुलगा दवाखान्यांतून लस टोंचून घेऊन आल्यावर सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडील घरींच होते. पोतेंहि दाराशीं तयार होतें. आम्हीं त्यांस म्हटलें, “मांजर आज सोडूं नका. तें १० दिवस आपल्या डोळ्यांसमोर राहिलें पाहिजे. तेवढ्या मुदतींत तें धडधाकट राहिलें, तर चावलें त्या वेळीं त्याच्यापासून रेबीजचें भय नव्हतें असें डॉक्टरांना ठरवितां येतें. नदीपलीकडे गेलेल्या मांजराची खबर आपल्याला कोण देणार?”

हें म्हणणें त्यांस पटलें. “दहा दिवस राहूं द्या,” ते म्हणाले, “पण पुढें काय, सर? जातच वाईट. कितीहि जीव लावा, नख मारल्याशिवाय राहणार नाहीं.”

ते असें बोलत असतांनाच एक गोष्ट आमच्या दृष्टीस पडली. पिलूं चार-पांच महिन्यांचें असेल. तें खुर्चीखालीं येऊन बसलें, तेव्हां त्या गृहस्थांनीं सहज, संवयीनें, आपला हात खालीं सोडला आणि बोटें नाचविलीं. पिलानें दबा धरला, शेंपटीचें टोंक हालविलें, आणि झेप घेऊन चारी पायांनीं तो हात कवटाळला. घरांतलीं सर्व माणसें हंसलीं. पण दांत लागतांच त्यांनीं हात हिसकून घेतला व पिलाच्या डोक्यावर एक टपली दिली. “बघा, म्हणत होतों कीं नाहीं!” असें ते आम्हांस म्हणाले. आम्हांला मात्र रोगाचें मूळ सांपडलें होतें.

तें मूळ समजण्यास मांजराची प्रकृति थोडी जाणली पाहिजे. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायास ५ आणि मागच्या प्रत्येक पायास ४, अशीं सामान्यतः एकंदर १८ नखें असतात. तें स्वस्थ असतां हीं नखें म्यानांतील सुरीप्रमाणें आंत ओढलेलीं असतात, आणि स्नायूंना ताण दिल्यावरच बाहेर येतात. पिलाचे दुधाचे दांत २६. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडूं लागून त्यांच्या जागीं ३० कायमचे दांत येतात. या काळांत लहान मुलाप्रमाणेंच पिलाच्या हिरड्या शिवशिवतात, आणि सांपडेल तें चावण्याकडे त्याचा ओढा असतो. मांजराची मनुष्याशीं ओळखहि नखांमुळेंच झाली आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या थडग्याशेजारीं पुरलेलें मांजर संशोधकांस सांपडलें. त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या प्राचीन काळीं मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले, आणि उंदरांपाठोपाठ मांजर आलें. ज्या हत्यारांसाठीं आपण त्यास उंबरठ्याच्या आंत घेतलें, तीं त्याजपाशीं नसावींत असें म्हणणें न्याय्य नव्हे. कांहीं देशांत मांजराचीं नखें शस्त्रक्रियेनें काढून टाकण्याची चाल पडली. तींत नुसतें नख जात नाहीं, तर बोटाचें शेवटचें हाडहि कापलें जातें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं कायद्यानें ती बंद केली, हें योग्यच झालें. नखें काढावयाचीं नाहींत. तीं आवरण्यास शिकवावयाचें आहे.

या शिक्षणाची पहिली शाळा म्हणजे पिलाची आई व भावंडें. पिलें एकमेकांशीं झोंबाझोंबी करितात तेव्हां एखाद्यानें फार जोरानें चावा घेतला, तर दुसरें ओरडतें आणि खेळ सोडून निघून जातें. आईहि दांडगाई करणाऱ्यास पंजानें दूर सारते. असें वारंवार घडलें म्हणजे, जोरानें चावल्यास खेळ मोडतो, हें पिलाच्या ध्यानीं येतें. परंतु आपण मात्र पुष्कळदां पिलूं महिन्याचें होतें न होतें तोंच घरीं आणतों. या मुलाच्या घरचें पिलूंहि तसेंच आणलेलें होतें. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनीं ५००० हून अधिक पाळीव मांजरांची माहिती गोळा करून २०१७ सालीं असें दाखविलें कीं, ८ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडलेल्या मांजरांत अंगावर धांवून जाण्याचें प्रमाण अधिक, आणि १४ आठवड्यांपर्यंत आईपाशीं राहिलेल्यांत तें कमी आढळतें. म्हणून पिलूं घरीं आणावयाचें असल्यास निदान दोन महिने, आणि शक्य तर तीन महिने, त्यास आईजवळ राहूं द्यावें. त्याबरोबरच, दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत आईच्या समक्षच माणसांनीं त्यास रोज हळुवार हाताळावें. कारण मनुष्याचा लळा लागण्याचा तोच खरा काळ असतो.

ज्या पिलाची ही शाळा अर्ध्यावर सुटली, त्याचे गुरु आपण होतों. आणि आपण शिकवितों काय? या बाबतींत एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन अभ्यासकाचे प्रयोग ध्यानांत घेण्यासारखे आहेत. ते त्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केले. भुकेलेलें मांजर ते एका लांकडी पेटींत ठेवीत आणि खाऊ बाहेर ठेवीत. पेटीचें दार आंतून दोरीचा फांस ओढल्यानें किंवा अशाच एखाद्या सोप्या युक्तीनें उघडे. आरंभीं मांजर वाटेल तेथें ओरबाडी, चावे, धडका देई, आणि केव्हांतरी अवचित दार उघडे. परंतु तोच प्रयोग पुन्हां पुन्हां केल्यावर निष्फळ धडपड गळत जाई, आणि शेवटीं मांजर पेटींत ठेवतांच तें नेमकी तीच क्रिया करी. यावरून थॉर्नडाइक यांनीं असा सिद्धांत बसविला कीं, ज्या कृतीचें फळ सुखाचें ती प्राण्याच्या अंगीं मुरते. ज्या कृतीस तसें फळ नाहीं ती हळूहळू सुटते.

आतां खुर्चीखालच्या त्या पिलाकडे पहा. बोटें नाचलीं, म्हणजे शिकार दिसली. झेप घेतली, सर्व हंसलीं, म्हणजे खेळ रंगला. दांत लागले, हात हिसकला, म्हणजे शिकार पळूं लागली. आणि पळत्या शिकारीस घट्ट धरावें हें तर त्याच्या रक्तांतच आहे. चावण्याचें फळ त्यास दर वेळीं गोड मिळालें. राहिली ती टपली. तिच्यावरून, चावूं नये, हा बोध मांजर घेत नाहीं. हा हात कधीं खेळतो, कधीं मारतो, तेव्हां याच्यापासून सावध रहावें, एवढेंच तें शिकतें. भ्यालेलें मांजर पळतें, आणि पळण्यास वाट नसली म्हणजे नखें काढतें. सारांश, त्या घरांत रोज चावण्याचे धडे दिले जात होते, आणि विद्यार्थी हुशार निघाला म्हणून त्यास पोत्यांत घालण्याची तयारी चालली होती!

आम्हीं त्या कुटुंबास जे नियम सांगितले, ते आमच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगासाठीं येथें देत आहों.

पहिला नियम असा कीं, हात हें खेळणें नव्हे. मांजराशीं खेळावयाचें तें हातभर काठीच्या टोंकास दोरीनें चिंधी किंवा पीस बांधून खेळावें. चिंधी उंदराप्रमाणें पळवावी, थांबवावी, कोपऱ्याआड न्यावी, आणि शेवटीं मांजराच्या हातीं लागूं द्यावी. नाहींतर त्याचा हिरमोड होऊन तें पायांवर झडप घालतें. असा खेळ सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटें व्हावा, आणि त्यानंतर त्यास खावयास द्यावें. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं असें दाखविलें कीं, रोज एवढा वेळ खेळ मिळालेलीं मांजरें घरीं शिकार आणण्याचें काम सुमारें चौथाईनें कमी करितात. शिकारीची ऊर्मि खेळांत जिरते, याची ही साक्ष होय. खेळ संपल्यावर दोरी मात्र उचलून ठेवावी. ती गिळली तर आंतड्यांस अपाय होतो.

दुसरा नियम असा कीं, दांत किंवा नख लागल्यास हात हिसकूं नये. तो तसाच निश्चल ठेवावा. पकड सैल होतांच सावकाश काढून घ्यावा, आणि एक शब्दहि न बोलतां उठून जावें. दोन-चार मिनिटें त्याच्याकडे पाहूंहि नये. पिलाच्या भावंडांनीं हेंच केलें असतें. चावलें कीं खेळ संपतो, हा धडा यानेंच बसतो. परंतु तो घरांतल्या सर्वांनीं एकसारखा दिला पाहिजे. आईनें उठून जावें आणि दादानें मात्र बोटें नाचवावीं, असें झालें तर मांजर दादाचाच धडा गिरवील.

तिसरा नियम असा कीं, मारूं नये, अंगावर ओरडूं नये, पाणी फेंकूं नये. याचें कारण वर सांगितलेंच आहे.

चौथा नियम असा कीं, मांजराची भाषा वाचावयास शिकावें. पुस्तकाप्रमाणें तीहि वाचतां येते. शेंपटी झटक्यांनीं हालूं लागली, कान मागें चपटे झाले, पाठीची कातडी थरथरली, डोळ्यांचीं बुबुळें मोठीं काळीं झालीं, कीं मांजर आपल्याला “आतां पुरे” असें सांगत असतें. आपण तें न ऐकल्यास तें दांतांनीं सांगतें. प्रथम एक बोट त्याच्या नाकापुढें धरावें. त्यानें आपण होऊन गाल घासला तर गाल, हनुवटी व कानामागचा भाग कुरवाळावा, आणि थोड्याच वेळानें थांबून त्यास आणखी हवें आहे काय तें पहावें. उताणें पडून पोट दाखविणें हें विश्वासाचें चिन्ह असतें. पोटास हात लावण्याचें आमंत्रण मात्र तें बहुधा नसतें. झोंपलेल्या, जेवणाऱ्या व पिलांजवळ बसलेल्या मांजरास छेडूं नये. लहान भावंडांना मांजराजवळ एकटें सोडूं नये.

पांचवा नियम नखांविषयीं. मांजर दार, खुर्ची, गादी ओरबाडतें तें खोडसाळपणानें नव्हे. त्यायोगें नखावरचें जुनें कवच गळून नवें टोंक मोकळें होतें, अंगाला ताण मिळतो, आणि पंजांतील ग्रंथींचा वास तेथें लागून त्या जागेवर त्याची सही होते. ही क्रिया थांबवितां येत नाहीं; तिला जागा देतां येते. तीन फूट उंचीचा एक लांकडी खांब जड पाटावर घट्ट बसवावा आणि त्यास काथ्याचा सुंभ गच्च गुंडाळावा. तो हालूं नये, व मांजर मागच्या पायांवर उभें राहिलें असतां त्याचें अंग पुरें ताणलें जावें, एवढा उंच असावा. तो अडगळींत न ठेवतां, मांजर जेथें ओरबाडतें तेथेंच ठेवावा, आणि तें त्यावर नखें घासूं लागल्यास लगेच एखादा मासळीचा तुकडा द्यावा. नखांचीं टोंकें दोन-तीन आठवड्यांनीं वडील माणसांनीं कापावीं. मात्र पारदर्शक टोंकच कापावें, आंतील गुलाबी भागांत रक्तवाहिनी असते तिला धक्का लावूं नये.

याशिवाय दोन गोष्टी. आजवर शांत असलेलें मांजर एकाएकीं चावूं लागलें, तर त्यास दुखापत किंवा आजार असण्याचा संभव असतो. त्यास पशुवैद्याकडे न्यावें. आणि प्रत्येक पाळीव मांजरास रेबीजची लस टोंचून घ्यावी. पिलूं सुमारें तीन महिन्यांचें झालें म्हणजे ती देतां येते, व पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां पुन्हां द्यावी.

हे नियम सांगणें सोपें, पाळणें कठीण. त्या घरांत पहिल्या आठवड्यांत कांहीं फरक दिसला नाहीं. उलट, बोटें नाचेनाशीं झालीं तेव्हां पिलूं सर्वांच्या पावलांवर अधिकच झडपा घालूं लागलें, आणि वडिलांनीं पुन्हां पोत्याची गोष्ट काढली. त्या मुलानें मात्र रोज सकाळीं शाळेपूर्वीं व सायंकाळीं दिवे लागल्यावर काठी फिरविण्याचा क्रम चुकविला नाहीं. खांबहि त्यानेंच तयार केला. सुंभ गुंडाळून देण्याचें काम आजीनें केलें. दहा दिवस गेले, पिलूं धडधाकट राहिलें, आणि मुलाच्या हाताची चिंता मिटली. महिन्याच्या शेवटीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां पिलूं खुर्चीखालीं होतें, आणि वडिलांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. “सर,” ते किंचित् ओशाळून म्हणाले, “सगळ्यांत अवघड मलाच गेलें. हात आपोआप खालीं जातो.” इतक्यांत पिलूं उडी मारून त्यांच्या मांडीवर आलें, आणि पंजा त्यांच्या मनगटावर ठेवून बसलें. नखें आंत होतीं.

तें मांजर पुढें कधींच चुकलें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें बिथरलेलें असतां त्यास बळेंच उचलूं गेलेल्या एका पाहुण्यास त्यानें ओरबाडलेंच. पाहुण्यानें हात साबणानें धुतला आणि दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घेतली. पण त्या वेळीं घरांत पोतें कोणीं आणलें नाहीं.

आपल्या आश्रयास आलेल्या मुक्या प्राण्याच्या जिवाकडे लक्ष देणें हें सज्जनाचें लक्षण आहे, ही शिकवण आमचे विद्यार्थी शाळेच्या प्रार्थनेच्या तासास नेहमीं ऐकतात. त्या शिकवणीचा अर्थ केवळ दूधभात घालणें एवढाच नाहीं. आपण त्यास काय शिकवीत आहों हें पाहणें, आणि आपणच शिकविलेल्या गोष्टीबद्दल त्यास शिक्षा न करणें, हेंहि तींत येतें. मांजरीचे दांत तिच्या पिलांस लागत नाहींत. तसे ते आमच्या मुलांसहि लागूं नयेत, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं आजच सायंकाळीं आपला हात खुर्चीखालीं कसा लोंबतो आहे तें एकदां पहावें.